तुमचं नाव यादीत नाही!

माणूस जन्माला येतो तो थेट एका यादीत. ग्रामपंचायतीचं जन्ममृत्यूचं रजिस्टर ही त्याची पहिली यादी. पुढे शाळेचा हजेरीपट, रेशनकार्ड, मतदारयादी, सोसायटीचे सभासद, भिशीचे मेंबर, सोयऱ्याधायऱ्यांच्या लग्नातल्या आहेराच्या वह्या, आणि अखेरीला पुन्हा त्याच रजिस्टरातलं दुसरं पान. मधल्या साठसत्तर वर्षांत माणूस जी धडपड करतो तिला पुढारी 'जीवनसंघर्ष' म्हणतात. मी बँकेतला कारकून. मी तिला साध्या भाषेत 'नाव यादीत आहे का ते बघणं' म्हणतो.

आता यात वाद घालण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. नाव यादीत असेल तर आहे, नसेल तर नाही. वाचकहो, तिथेच तर माझी तक्रार आहे. 'यादीत नाव सापडलं नाही' आणि 'यादीत नाव नाही' ही दोन वाक्यं आपण गेल्या काही वर्षांत एकच धरून बसलो आहोत. पहिलं वाक्य शोधणाऱ्याबद्दल आहे, दुसरं माणसाबद्दल. पहिल्यात चष्मा पुसायला वाव आहे, दुसऱ्यात माणूसच पुसला जातो. आणि हे पुसायचं काम आपण आता कॉम्प्युटरकडे सोपवलं आहे. त्याला चष्मा नाही, पुसायला फडकं नाही आणि शरम तर नाहीच नाही.

पूर्वी हे काम बोटाने व्हायचं. मी शिरूरचा, म्हणजे घोडनदीचा, आणि नोकरीला दौंडला. एका नदीकाठावरून उठायचं आणि भीमा ओलांडून दुसऱ्या काठावर जाऊन बसायचं, असा रोजचा यष्टीचा प्रवास. दौंड स्टेशनात गाडी लागली की डब्याच्या दाराशी डकवलेल्या रिझर्वेशनच्या चार्टवर पाचपंचवीस बोटं एकदम फिरायची. वरून खाली, पुन्हा खालून वर. बोट एखाद्या नावाशी थबकायचं. "अहो, हे आपलंच दिसतंय." "आपलं कुठलं? आपल्यात 'के' आहे, इथं 'जी' छापलंय." "वय बघा ना, वय जुळतंय. आणि खाली माझं वय दोन वर्षांनी वाढवून ठेवलंय, म्हणजे नक्की आपणच." झालं, मंडळी डब्यात. २०१८ साली रेल्वेने मोठ्या स्टेशनांवर हे चार्ट डकवणं बंद केलं. कागद वाचला, हे चांगलंच झालं. पण बायकोचं वय दोन वर्षांनी चुकलं म्हणून नाव ओळखणारं ते बोटही त्या कागदाबरोबर गेलं.

मी बँकेत लागलो तेव्हा शाखेतली जाड लेजरं शेवटचे आचके देत होती. त्या वेळचे हेडक्लार्क खातेदाराला कधीच 'तुमचं नाव नाही' असं म्हणत नसत. "थांबा हं, बघतो," म्हणत. मग लेजर, मग जुनं लेजर, मग कपाटावरचं धुळीचं लेजर, मग चहा, मग पुन्हा पहिलं लेजर. खातेदार तासभर बसून राही आणि मनातल्या मनात बँकेचा उद्धार करी. मात्र बाहेर पडताना तो आपलं खातं बरोबर घेऊनच बाहेर पडे. आता तेच काम एका निमिषात होतं. निमिषात होतं म्हणून 'नाही'सुद्धा निमिषातच येतं.

कॉम्प्युटर हे कसं शोधतो, हे मी माझ्या भाच्याकडून समजून घेतलं. भाचा पुण्यात खराडीला वेबसायटी बनवतो. मी बी.कॉम. असल्यामुळे मला जमाखर्चापलीकडचं सगळं सोपं करून सांगावं लागतं, हे तो जाणून आहे.

"मामा, यादीला आमच्यात ॲरे म्हणतात," तो म्हणाला.

"अरे?"

"अरे नाही हो, ॲरे."

"तेच ते. आमच्याकडे यादीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला अरे म्हणतात."

तो हसला नाही. कॉम्प्युटरवाल्यांना विनोद कळायला थोडा वेळ लागतो, नाहीतर मग फार लवकर कळतो आणि म्हणून ते हसत नाहीत. तो म्हणाला, "यादीत एखादी गोष्ट आहे का, हे बघायला जावास्क्रिप्टमध्ये बरीच वर्षं सरळ प्रश्नच नव्हता. २००९ च्या सुधारणेत 'इंडेक्सऑफ' नावाची सोय अधिकृत झाली. तिला नाव विचारलं की ती 'आहे' किंवा 'नाही' असं बोलत नाही. नाव कितव्या जागेवर आहे तो आकडा देते. नसेल तर उणे एक देते."

"ठीक आहे की."

"ठीक कसलं! कॉम्प्युटर मोजायला शून्यापासून लागतो. म्हणजे यादीतला पहिला माणूस शून्य नंबरवर. आणि 'हो की नाही' विचारलं तर शून्याचा अर्थ 'नाही', बाकी कुठल्याही आकड्याचा अर्थ 'हो'."

"उणे एकचा?"

"उणे एकचासुद्धा 'हो'."

मी हिशेब मांडून पाहिला. एखाद्या शिकाऊ पोराने घाईत हा आकडा तसाच 'हो की नाही'च्या जागी वापरला, तर यादीत पहिला असलेला माणूस बाहेर, आणि यादीत मुळीच नसलेला माणूस सन्मानाने आत! भाच्याला ही मोठी गंमत वाटत होती. मला मात्र कॉम्प्युटरबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. पहाटे पाचला येऊन रांगेत पहिला उभा राहिलेला शेतकरी आणि अकराला मोटारीतून उतरून थेट आत गेलेले गृहस्थ मी सगळ्या प्रकारच्या ऑफिसांत पाहिलेले आहेत. त्या ऑफिसांत इंडेक्सऑफ कधी बसवलं, एवढंच मला ठाऊक नव्हतं.

"आता ते सुधारलंय," भाचा म्हणाला. "२०१६ साली 'इन्क्लूड्स' आलं. ते सरळ 'हो' किंवा 'नाही' सांगतं. खरं तर त्याचं नाव 'कन्टेन्स' ठेवायचं ठरलं होतं. पण 'मूटूल्स' नावाच्या एका जुन्या साहित्याने ते नाव आधीच आपल्या पद्धतीने वापरून ठेवलं होतं. नवं आणलं असतं तर जुन्या वेबसायटी मोडल्या असत्या. म्हणून नाव बदलावं लागलं."

म्हणजे पाहा! यादीत नाव आहे का हे तपासायला जो नेमला, त्याला स्वतःलाच ठरलेल्या नावाने यादीत शिरता आलं नाही. ते नाव आधीच कुणीतरी घेऊन बसलेलं. आणि या बिचाऱ्याने दुसरं नाव लावून नोकरी धरली. यापुढे हा आमच्या लोकांशी जरा सहानुभूतीने वागेल अशी आशा होती. पण हुद्दा मिळाला की माणसं बदलतात, तर यंत्राचं काय घेऊन बसलात!

भाच्याने आणखीही नमुने दाखवले. 'पीएचपी' नावाच्या भाषेत हेच काम करायला 'इन ॲरे' आहे. तिथे पूर्वी 'शून्य' हा आकडा आणि 'शिरूर' हा शब्द यांची तुलना केली तर उत्तर 'दोन्ही सारखेच' असं यायचं. यादीत एक शून्य पडलेलं असलं की शिरूर, दौंड, पाटस, केडगाव, कुणीही यावं आणि 'यादीत आहे' म्हणून आत जावं. कडक तपासणी करायची तर तसं वेगळं बजावावं लागे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या भाषेची आठवी आवृत्ती आली तेव्हा कुठे शून्य आणि शिरूर हे वेगळे आहेत असं ठरलं. आम्हा शिरूरकरांना ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती, पण आम्हाला विचारतो कोण?

मग 'एनएएन' नावाचा एक इसम आहे. तो म्हणे स्वतःशीच जुळत नाही. इंडेक्सऑफने त्याला यादीत शोधलं तर तो यादीत असूनही सापडत नाही, इन्क्लूड्सला मात्र सापडतो. स्वतःशी न जुळणारे खातेदार आमच्याकडेही आहेत. दर सहा महिन्यांनी त्यांची सही बदलते. तरीपण आम्ही त्यांना 'तुम्ही नाही' असं म्हणत नाही. "काका, जरा जुन्यासारखी करा बरं," असं म्हणून दुसरा कागद पुढे सरकवतो.

इथवर सगळं गमतीचं. आता पुढे ऐका.

"इन्क्लूड्स फार काटेकोर आहे," भाचा अभिमानाने म्हणाला. "अक्षरन् अक्षर जुळलं तरच 'हो'. पुढे एक मोकळी जागा जास्त पडली तरी 'नाही'."

मी म्हटलं, "बाळा, ज्या देशात ही भाषा १९९५ साली दहा दिवसांत बसवली, त्या देशातल्या माणसांना बहुधा एकच नाव असेल. आमच्याकडे तसं नाही."

आमच्याकडे गावालाच धड एक नाव नाही. माझ्या शिरूरचं जुनं इंग्रजी स्पेलिंग 'एस'पासून सुरू होऊन 'एच'ला न भेटताच पुढे जायचं. म्हणजे 'सिरूर'. गावातली जुनी माणसं घोडनदी म्हणतात. त्यातून शिरूर एक नाही. बीडकडे शिरूर कासार आहे, लातूरला शिरूर अनंतपाळ आहे आणि त्याच जिल्ह्यात शिरूर ताजबंदही आहे. दौंडचं तर विचारूच नका. १८७८ साली इथून मनमाडला रेल्वे गेली तिचं नाव 'धोंड-मनमाड स्टेट रेल्वे'. साहेबाच्या कानाला दौंड 'धोंड' ऐकू आलं आणि कागदावर ते तसंच राहिलं. आज स्टेशनची खूण 'डीडी' आहे, जी पाहून आम्हा बँकवाल्यांना डिमांड ड्राफ्ट आठवतो. शिवाय पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या काही गाड्या जंक्शनात न शिरता बाहेरच्या बाहेर जातात आणि 'दौंड कॉर्ड लाईन' नावाच्या वेगळ्याच स्टेशनावर थांबतात. तुम्ही 'दौंड' टाकून त्या स्टेशनच्या गाड्या शोधत बसलात तर अक्षरशः जुळवणाऱ्या यंत्राच्या मते अशी गाडीच नाही. गाडी तिकडे थांबून, चहा पिऊन निघूनही जाते. आणि घोडनदीपलीकडचा जिल्हा २०२४ साली अहमदनगरचा अहिल्यानगर झाला. तिथली माणसं रात्री एका जिल्ह्यात झोपली आणि सकाळी दुसऱ्या जिल्ह्यात उठली. अंथरूण तेच! पण जुन्या यादीतला पत्ता नव्या यादीत घालून बघा, म्हणजे कळेल.

गावांचं हे, मग माणसांचं काय सांगावं! इंग्रजीत 'विठ्ठल' लिहिण्याच्या पाच तऱ्हा मी एकाच शाखेत पाहिल्या आहेत. आडनाव कुणी आधी लावतं, कुणी शेवटी. बाईमाणसाला तर माहेरचं एक नाव, लग्नात तांदळावर लिहिलेलं दुसरं, आणि मुलं शाळेत घालताना मास्तरांनी दाखल्यावर घातलेलं तिसरं. मधे नवऱ्याचं नाव, त्याचीही दोन रूपं, एक कागदावरचं आणि एक गावातलं. या सगळ्याचा गुणाकार मी कॉमर्सचा विद्यार्थी असूनही करत नाही.

मराठीत लिहिलं की प्रश्न सुटेल, असं मला वाटत होतं. तेही खरं नाही. आमच्या शाखेत एक आजी येतात. त्यांच्या आडनावात पुरंदरातल्या कऱ्हा नदीसारखा 'ऱ्ह' आहे. एका योजनेचे त्यांचे पैसे अचानक बंद झाले. पोर्टलवर नाव टाकलं की उत्तर, 'यादीत नाव नाही'. यादी काढून पाहिली तर नाव आहे! मी यादी आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवले, भिंग घेतलं, साहेबांना बोलावलं, शिपाई आला, रांगेतल्या दोघांनीही मान घातली. सगळ्यांचं एकमत की नाव एकच. कॉम्प्युटरचं मत, नाही.

रात्री भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, तो 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर घेतात. दुसऱ्यात साधा 'र' घेऊन त्याच्यामागे एक न दिसणारी खूण घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. 'ॲडव्होकेट'मधल्या 'ॲ'चंही तेच. २००८ पासून त्याला स्वतंत्र जागा मिळाली, त्याआधीची माणसं 'अ'वर चंद्र देऊन भागवायची."

"मग दोन्ही एक करून घ्यायची काही सोय?"

"अक्षरांची रूपं एक करायची सोय २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये आहे. पण या जोड्यांवर तिची मात्रा चालत नाही. या दोन्ही गोष्टी एकच आहेत हे त्या यंत्राला कुणीतरी मराठी माणसाने वेगळं सांगावं लागतं."

"मग सांगितलं का नाही?"

फोनवर थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. पुण्यात रेंज बरी असते म्हणतात.

चार महिने त्या आजी भीमेपलीकडून येत होत्या. दर वेळी एसटीचं तिकीट अर्धं, पण दिवस मात्र पूर्ण मोडायचा. पैसे येत नाहीत म्हणून ब्लडप्रेशरची गोळी दिवसाआड घ्यायला लागल्या होत्या. "रोज एक गोळी म्हणजे एक महिना, दिवसाआड घेतली तर दोन महिने पुरते," हा त्यांचा हिशेब मला, कॉमर्सच्या पदवीधराला, त्यांनीच समजावून दिला. शेवटी कुठल्याशा टेबलावरच्या एका कारकुनाने यादीतलं नाव उचलून जसंच्या तसं अर्जात चिकटवलं आणि आजी एका क्षणात पुन्हा अस्तित्वात आल्या. त्या न दिसणाऱ्या खुणेने चार महिने एक अख्खी दिसणारी बाई झाकून ठेवली होती.

हे सांगितलं की समोरची बाजू उसळून उठते. ती बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती मूर्खाची नाही. आमचे साहेब म्हणतात, "नावात ढिलाई केली तर बोगस लोक शिरतील. एकाचे पैसे दुसरा उचलेल. मग चौकशी तुम्हाला लागेल, लेख लिहून सुटता यायचं नाही." भाचा म्हणतो, "मामा, 'जवळपास जुळतं' म्हणून आत घेतलं तर सगळ्याच जाधवांना एकाचं कर्ज लागेल." दोघांचंही बरोबर आहे. मी पंचवीसएक वर्षं नोटा मोजतोय. 'जवळपास' या शब्दाची किंमत कॅश टॅली होत नाही त्या संध्याकाळी मला कळते.

पण चुका दोन जातीच्या असतात. नको त्याला आत घेणं ही एक, आणि हव्या त्याला बाहेर ठेवणं ही दुसरी. पहिलीसाठी ऑडिट आहे, चौकशी आहे, मेमो आहे. दुसरीसाठी काहीच नाही. बाहेर राहिलेल्याची नोंद कुठे होणार? नोंद व्हायला नाव यादीत पाहिजे! म्हणून यंत्र बसवणारा पहिल्या चुकीला भितो आणि दुसरीला 'सिस्टिम' म्हणतो. काटेकोरपणाला माझा विरोध नाही. पैसे देताना कडक राहावं. नाकारताना दोनदा बघावं. एवढंच मागणं आहे, आणि ते काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही.

आपले जुने कायदे काढून बघा. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आम्ही कॉलेजात घोकला. चेकवर आकड्यातली रक्कम एक आणि अक्षरी रक्कम दुसरी असेल तर काय? कलम अठरा सांगतं की अक्षरी रक्कम खरी धरावी. व्यवहारात तो चेक परत जातो ते सोडा. पण ज्याने कायदा लिहिला त्याला हे पक्कं ठाऊक होतं की माणूस लिहिताना चुकतो आणि तरीही त्याने दिलेलं वचन खोटं नसतं.

त्याहून मोठा दाखला मतदारयादीचा. यादी म्हणजे काय चीज असते हे या देशात तिच्याइतकं कुणी शिकवलं नाही. १९५१ चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा अगदी कडक आहे. यादीत नाव नाही त्याला मत नाही, खिशात ओळखपत्र असलं तरी नाही. पण त्याच कायद्याखालचे १९६१ चे निवडणूक संचालन नियम पाहा. यादीतल्या नोंदीत केवळ लिहिण्याची किंवा छपाईची चूक असेल आणि समोरचा माणूस तोच आहे अशी मतदान केंद्राध्यक्षाची खात्री पटली, तर त्या चुकीकडे त्याने दुर्लक्ष करायचं आहे. करावं असं वाटलं तर नव्हे, करायचंच आहे. मला हा नियम वाचून त्या अनोळखी मसुदा लिहिणाऱ्याला नमस्कार करावासा वाटला. त्याच्यापुढे कोट्यवधी मतदार होते, त्यांची नावं हाताने लिहिणारे तलाठी आणि मास्तर होते, आणि ती जुळवणारे छापखान्यातले थकलेले कंपॉझिटर होते. चूक होणारच हे त्याने धरून ठेवलं आणि ती निस्तरण्याचा अधिकार समोर बसलेल्या माणसाला देऊन टाकला. १९६१ साली मतदान केंद्राध्यक्ष म्हणून बसलेल्या एखाद्या प्राथमिक शिक्षकाला जो अधिकार होता, तो आज एसी खोलीतल्या आमच्या कॉम्प्युटरपुढच्या माणसाला नाही.

आणि हे जमत नाही असंही नाही. इतकी वर्षं एनईएफटीने पैसे पाठवताना खात्याचा नंबर तेवढा बघितला जाई, नाव कुणी जुळवत नसे. मग रिझर्व्ह बँकेने सांगितलं की १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी अशी सोय करावी की पैसे पाठवण्याआधीच समोरच्या खात्यावरचं नाव पाठवणाऱ्याला दिसेल. इथे यंत्र नाव आणून दाखवतं, 'जुळतं' किंवा 'जुळत नाही' असा निकाल देत बसत नाही. नावात एक 'एच' कमी आहे पण माणूस आपलाच आहे, हे पाठवणारा ओळखतो. यंत्राने आणून द्यावं आणि माणसाने ओळखावं, ही वाटणी मला रास्त वाटते.

तेव्हा वेबसायटी बनवणाऱ्या तमाम भाच्यांना माझी विनंती आहे. शोधायला तुमचं इन्क्लूड्स खुशाल वापरा. भलीमोठी यादी असेल तर अकारविल्हे लावून निम्मी निम्मी करत शोधा. तशाने लाखभर नावांतून जास्तीत जास्त सतरा वेळा बघून नाव लागतं असं ऐकतो. कौतुक आहे. पण उत्तर 'नाही' आलं की तिथेच हात झटकून उठू नका. मोकळ्या जागा काढा. 'ऱ्ह'ची दोन्ही रूपं एक समजा. घोडनदीला शिरूर म्हणा, धोंडला दौंड म्हणा, अहमदनगरला अहिल्यानगर म्हणा. तरीही नसेल तर त्याच्या जवळची चार नावं पडद्यावर काढा आणि विचारा, 'यातले आपण कोण?' सतरा वेळा बघून वाचवलेल्या वेळातून अठराव्यांदा बघायला काय जातं? आणि हे सगळं करूनही सापडलं नाही, तर काउंटरवरच्या माणसाला सहीनिशी 'हा तोच आहे' असं म्हणायची मुभा ठेवा. त्याने खोटं म्हटलं तर त्याला धरा. त्यासाठी त्याची सही तुमच्याकडे आहेच, आणि त्याचं नाव पगाराच्या यादीत अगदी अचूक आहे.

वाचकांनाही एक सांगतो. 'तुमचं नाव यादीत नाही' असं कुणी म्हणालं की मान खाली घालून परत फिरू नका. कोणती यादी? कोणत्या तारखेची? माझं नाव कसं लिहून शोधलंत? हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाला निम्म्या वेळा खुर्ची हलते.

बाकी नकार कसा द्यावा हे कॉम्प्युटरने आमच्याकडून शिकावं. बँक दुष्ट असते हे जगजाहीर आहे, पण नाकारताना तिची जीभ फार सांभाळून चालते. चेकवरची सही वेगळी वाटली तर आम्ही 'सही खोटी आहे' असं कधीच लिहीत नाही, 'सही जुळत नाही' एवढंच लिहितो. आणि काहीच लिहिणं प्रशस्त नसेल तेव्हासाठी आमच्याकडे एक खानदानी शेरा आहे, 'रिफर टू ड्रॉवर'. म्हणजे, बाबा रे, आम्ही काही बोलत नाही, ज्याने हा कागद लिहिला त्यालाच विचार. तो शिक्का आमच्या टेबलाच्या खणात हल्ली नुसताच पडून असतो, दांडा थोडा हलतोय, पण रबर शाबूत आहे. कॉम्प्युटरला हवा असेल तर न्यावा. रजिस्टरला सही करून न्यावा मात्र. नाव कुठल्याही 'ऱ्ह'ने लिहिलं तरी चालेल, आम्ही ओळखू.